पहारेकऱ्यांची पायवाट

इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील भूभाग निमुळता होत होत अटलांटिक महासागरात शिरतो. ह्या भूभागाच्या काठाकाठाने, सॉमरसेट, डेव्हन, कॉर्नवॉल आणि डॉर्सेट ह्या चार परगण्यांतून, एक पायवाट गेली आहे. उत्तर किनाऱ्यावरील माइनहेड ह्या गावी ती सुरू होते, लँड्स एंड ह्या भूशिराला वळसा घालते आणि दक्षिण किनाऱ्यावर पूल बंदराच्या मुखाशी संपते. तिची लांबी ६३० मैल, म्हणजे एक हजार किलोमीटरांहून थोडी अधिक आहे. वाट क्षणात कड्याच्या माथ्यावर असते, तर क्षणात एखाद्या ओढ्याच्या मुखाशी वाळूत उतरते, आणि पुन्हा समोरची टेकडी चढू लागते. ग्रेट हँगमन नावाची टेकडी हा तिच्यावरील सर्वांत उंच बिंदू. तो जेमतेम ३१८ मीटर उंच आहे. परंतु वाटेवरचे सारे लहानमोठे चढ एकत्र मोजले, तर ती उंची एव्हरेस्ट शिखराच्या जवळजवळ चौपट भरते.

एका गोष्टीचे मात्र नवल वाटते. शेतकरी असो की व्यापारी, ज्याला एका गावाहून दुसऱ्या गावी जायचे असते, तो जवळची वाट धरतो. समुद्रात घुसलेल्या प्रत्येक भूशिराला वळसा घालीत आणि प्रत्येक कोनाड्यात डोकावत तो जात नाही. ही वाट नेमके तेच करते. मग इतक्या आडवळणाने नित्य चालण्याची गरज कोणाला होती?

त्याचे उत्तर अठराव्या शतकातील जकातीच्या इतिहासात सापडते. युद्धांचा खर्च भागवण्यासाठी इंग्लंडच्या सरकारने चहा, मद्य, तंबाखू अशा जिनसांवर जबर कर बसवले होते. चीनहून इंग्लंडात चहा आणण्याचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीकडे होता, आणि १७८४ पूर्वी ह्या चहावरील कराचे प्रमाण शेकडा ११९ पर्यंत पोचले होते. साहजिकच फ्रान्सच्या किनाऱ्यावरून रात्री गुपचूप येणारा स्वस्त माल गरिबांनाही हवा होता आणि धनिकांनाही. कॉर्नवॉलमधील मासेमार, खाणकामगार, कधी कधी प्रतिष्ठित गृहस्थसुद्धा ह्या व्यवहारात सामील असत. तेथील जॉन कार्टर ह्या चोरट्या व्यापाऱ्याला लोक कौतुकाने ‘प्रशियाचा राजा’ म्हणत. जप्त झालेला माल त्याने सरकारी वखार फोडून परत नेला, पण जो माल आपला नव्हता त्याला हातही लावला नाही, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, लोकांची सहानुभूती कोणाच्या बाजूला होती हे तिच्यावरून कळते.

१७८४ मध्ये धाकट्या पिटच्या सरकारने चहावरील कर शेकडा साडेबारावर आणला. तथापि नेपोलियनशी झालेल्या युद्धांच्या काळात कर पुन्हा चढले आणि चोरटा व्यापारही चढला. १८०९ मध्ये किनाऱ्यावर गस्तीची नौकापथके उभारण्यात आली आणि १८२२ मध्ये निरनिराळी पथके एकत्र करून ‘कोस्टगार्ड’ हे तटरक्षक दल स्थापन झाले. ह्या दलातील माणसांना अंधारात, वाऱ्यापावसात कड्यांवरून पायी गस्त घालावी लागे. प्रत्येक कोनाड्यात नजर पोचली पाहिजे, हा त्यांचा नेम. म्हणून वाट कड्याची कड सोडीत नाही. स्थानिक लोकांशी त्यांचे लागेबांधे जुळू नयेत ह्यासाठी त्यांना आपल्या गावापासून दूर नेमीत आणि स्वतंत्र घरांत ठेवीत. गावकऱ्यांना ते परकेच वाटत. जी वाट आज आनंदाची समजली जाते, ती अशा रीतीने संशयातून जन्मली.

त्याच कड्यांवर आणखी एक पहारा होता, आणि तो मात्र गावाचा स्वतःचा. पिलचर्ड जातीच्या माशांचे थवे आले की त्यांच्या रंगाने पाणी काळवंडे. कड्यावर बसलेला टेहळ्या ते पाहताच आरोळी ठोकी आणि गावातील होड्या समुद्रात लोटल्या जात. न्यूकी येथे अशा टेहळ्याची जुनी दगडी झोपडी अद्याप पाहावयास मिळते.

एकोणिसाव्या शतकात कर उतरले, चोरटा व्यापार ओसरला आणि गस्तही हळूहळू विरळ होत गेली. परंतु किनाऱ्यावरील राज्याची सत्ता काही संपली नाही. तिचे दोन खोल व्रण दक्षिण डेव्हनमध्ये, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर, दिसतात.

पहिला हॉलसँड्सचा. कड्याच्या पायथ्याशी वसलेले हे मासेमारांचे गाव. त्याच्या पुढ्यात गोट्यांची रुंद पुळण होती आणि तिच्यामुळेच लाटांपासून घरांचे रक्षण होई. १८९७ पासून प्लिमथजवळच्या आरमारी गोदीच्या विस्तारासाठी ह्या पुळणीसमोरील गोटे यंत्रांनी उपसण्यात आले. गावकऱ्यांनी विरोध केला. समुद्र नवे गोटे आणून घालील, असे त्यांना सांगण्यात आले. पण ते गोटे प्राचीन काळी साचलेले होते, आणि त्यांची भरपाई होणारी नव्हती. १९०२ मध्ये उपसा थांबला, तेव्हा साडेसहा लक्ष टनांच्या आसपास गोटे गेलेले होते आणि पुळण खचली होती. जानेवारी १९१७ मधील वादळात सारे गाव उद्ध्वस्त झाले. प्राणहानी झाली नाही. परंतु राहण्याजोगे एकच घर उरले. त्या घरात एक स्त्री १९६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत एकटी राहिली.

दुसरा व्रण स्लॅप्टनचा. येथे समुद्र आणि जमीन ह्यांच्यामध्ये गोट्यांचा एक लांब, अरुंद बांध निसर्गानेच घातला आहे. त्याच्या एका बाजूला खारट लाटा, तर दुसऱ्या बाजूला स्लॅप्टन ली हे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. सुमारे दीड मैल लांबीचे हे सरोवर नैर्ऋत्य इंग्लंडातील सर्वांत मोठे नैसर्गिक गोडे सरोवर होय. पायवाट ह्या बांधावरून जाते, आणि चालणाऱ्याच्या एका कानी लाटांची गाज तर दुसऱ्या कानी लव्हाळ्यातील पक्ष्यांचा आवाज येतो. नॉर्मंडीतील किनाऱ्याशी ह्या किनाऱ्याचे साम्य होते, हेच त्याचे दुर्दैव ठरले. १९४३ च्या अखेरीस आसपासच्या गावांतील सुमारे तीन हजार माणसांना काही आठवड्यांच्या मुदतीने घरेदारे आणि शेते सोडावी लागली. रिकाम्या झालेल्या किनाऱ्यावर अमेरिकी सैन्य उतरण्याचा सराव करू लागले. २८ एप्रिल १९४४ च्या पहाटे सरावासाठी येत असलेल्या जहाजांवर जर्मन वेगवान नौकांनी हल्ला केला. त्यात किमान ७४९ अमेरिकी सैनिक आणि खलाशी मेले, असे सामान्यतः मानले जाते. स्वारीचे गुपित फुटू नये म्हणून ही वार्ता तेव्हा दडपण्यात आली. १९८४ मध्ये समुद्रतळातून वर काढलेला एक रणगाडा सरोवराच्या टोकाशी, टोरक्रॉस येथे, त्यांचे स्मारक म्हणून उभा आहे.

सामान्य माणसाचा ह्या किनाऱ्यावर हक्क काय, हा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आला तो विसाव्या शतकात. पहारेकरी चालत असे तो सरकारी कामासाठी. त्यामुळे त्याच्या वाटेवरून कोणालाही जाता येईलच असे नव्हते. १९३२ मध्ये उत्तरेकडील किंडर स्काउट ह्या खाजगी पठारावर शेकडो कामगार तरुण मुद्दाम चालून गेले आणि त्यांपैकी पाच जणांना तुरुंगवास झाला. त्या आंदोलनाने चालण्याच्या हक्काला वाचा फुटली. महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण प्रदेशातील प्रवेश ह्यांविषयीचा कायदा संमत झाला आणि दूर पल्ल्याच्या पायवाटा आखण्याचा अधिकार त्याने दिला. तरीही वाट एका दिवसात सिद्ध झाली नाही. वर्षानुवर्षे जमीनमालकांशी वाटाघाटी कराव्या लागल्या. कॉर्नवॉलचा भाग १९७३ मध्ये, दक्षिण डेव्हन व डॉर्सेट हे भाग १९७४ मध्ये आणि शेवटचा उत्तरेकडील भाग १९७८ मध्ये खुला झाला.

मिळालेला हा हक्क टिकवणे मात्र सोपे नाही, कारण किनारा स्थिर नसतो. २००१ च्या आणि २०१८ च्या वादळांत स्लॅप्टनच्या बांधावरील रस्ता वाहून गेला. कड्यांचे भाग ढासळत असतात. जुन्या इंग्रजी कायद्याप्रमाणे वाटेखालची जमीन समुद्रात गेली की तिच्यावरून जाण्याचा हक्कही तिच्याबरोबर बुडे. मागे सरकून शेजारच्या शेतातून जाण्याची मुभा आपोआप मिळत नसे. मग प्रत्येक दरडीनंतर नव्याने वाटाघाटी सुरू. २००९ च्या सागर व किनारा प्रवेश कायद्याने ह्यावर उपाय योजला. साऱ्या इंग्लंडच्या किनाऱ्याने पायवाट नेण्याची तरतूद त्यात आहे, आणि कडा मागे हटल्यास वाटही तिच्या हक्कासह मागे हटू शकेल अशीही सोय आहे.

हॉलसँड्सच्या लोकांना समुद्राने गिळलेल्या घरांची भरपाई मिळवण्यासाठी सात वर्षे झगडावे लागले. गावाच्या वरच्या अंगास आज कठड्याआड एक जागा केलेली आहे. पायवाटेने जाणारे तेथे थांबून खालच्या खडकांवर उरलेल्या भिंती पाहतात आणि मग उत्तरेकडे, स्लॅप्टनच्या सरोवराच्या दिशेने, पुढची टेकडी चढू लागतात.