रॉयल एनफील्ड बुलेट (ओतीव लोखंडी इंजिन)

ओतीव लोखंडी इंजिनाची बुलेट ही भारतात इ.स. १९५०च्या दशकापासून इ.स. २०१०च्या सुमारापर्यंत तयार झालेली एकसिलिंडर, फोर-स्ट्रोक, हवेने थंड होणारी मोटारसायकल आहे. तिला बोलीभाषेत 'जुनी बुलेट' किंवा 'कास्ट आयर्न बुलेट' असे म्हणतात. इंजिनाच्या सिलिंडरचा भाग ओतीव लोखंडाचा असल्यामुळे हे नाव पडले. सिलिंडरचे शीर्ष मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असे. संथ ठोक्यांचा आवाज, जाणवणारी थरथर आणि चालू करण्याची विशिष्ट पद्धत यांमुळे या गाडीला 'स्वतःचा स्वभाव' असल्याचे चालक मानतात. विद्युत दुचाकींचा प्रसार वाढल्यानंतर हा स्वभाव नेमका कशातून निर्माण होतो आणि विद्युत दुचाकीत तो का आढळत नाही, हा दुचाकीप्रेमींमध्ये चर्चेचा विषय ठरला आहे.

इतिहास

रॉयल एनफील्ड ही इंग्लंडमधील रेडिच येथील कंपनी होती. एनफील्ड येथील शाही शस्त्रनिर्मिती कारखान्याला तिने सुटे भाग पुरवले होते. त्यावरून कंपनीचे नाव आणि तोफेचे बोधचिन्ह आले. 'बुलेट' हे नाव इ.स. १९३२ मध्ये प्रथम वापरण्यात आले. आज ओळखली जाणारी बुलेट मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नव्या आराखड्यातून घडली. मागील चाकासाठी झुलता दांडा व शॉकअब्सॉर्बर असलेला हा आराखडा इ.स. १९४९ मध्ये बाजारात आला.

सीमाभागातील गस्तीसाठी भारतीय सैन्याने इ.स. १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात या गाडीची मागणी नोंदवली. इ.स. १९५५ मध्ये मद्रास मोटर्स व रेडिचची कंपनी यांच्या भागीदारीतून 'एनफील्ड इंडिया' स्थापन झाली. मद्रासजवळील तिरुवोत्रियूर येथे प्रथम आयात भागांची जुळणी आणि नंतर संपूर्ण उत्पादन सुरू झाले. इंग्लंडमध्ये बुलेटचे उत्पादन इ.स. १९६२ मध्ये थांबले आणि पुढे मूळ कंपनीही बंद पडली. भारतात मात्र तोच आराखडा किरकोळ बदलांसह चालू राहिला. इ.स. १९७७ मध्ये भारतात बनलेल्या बुलेटची निर्यात ब्रिटन व युरोपात सुरू झाली. इ.स. १९९४ मध्ये आयशर समूहाने कंपनी ताब्यात घेतली.

दुचाकींसाठी इ.स. २०१० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ३ मानकांच्या सुमारास जुन्या इंजिनाचे उत्पादन संपले. त्याची जागा इंजिन व गिअरबॉक्स एकाच आवरणात असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनाने घेतली.

तांत्रिक तपशील (बुलेट ३५०)

इंजिन क्षमता: ३४६ घनसेंमी
सिलिंडरचा व्यास व पिस्टनची धाव: ७० मिमी × ९० मिमी
शक्ती: सुमारे १८ अश्वशक्ती
गिअर: चार, उजव्या पायाने बदलण्याचे
ब्रेक: मागील ब्रेक डाव्या पायाने
सुरुवात: किक

'स्वभावा'ची यांत्रिक कारणे

ठोका: फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एकदा ज्वलन होते. एकाच सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांनी संथ चालत असेल, तर सेकंदाला सात ते आठ ज्वलने होतात. इतक्या संथ गतीचे ठोके कानाला वेगवेगळे ऐकू येतात. जड फ्लायव्हीलमुळे इंजिन याहूनही कमी गतीवर बंद न पडता चालू शकते. सिलिंडरांची संख्या किंवा फेऱ्यांची गती वाढली की हे ठोके एकमेकांत मिसळून सलग आवाज होतो.

ओढ: पिस्टनची धाव सिलिंडरच्या व्यासापेक्षा मोठी असल्याने आणि फ्लायव्हील जड असल्याने कमी फेऱ्यांवरही गाडी वरच्या गिअरमध्ये ओढते. चढावर वारंवार गिअर बदलावा लागत नाही. मात्र फेऱ्या वाढवल्यास शक्ती फारशी वाढत नाही, थरथर मात्र वाढते.

थरथर: वरखाली होणाऱ्या एकाच मोठ्या पिस्टनचे बल पूर्णपणे संतुलित करता येत नाही. जुन्या इंजिनात त्यासाठी वेगळा संतुलन दंड नव्हता. त्यामुळे हँडल व पायदान थरथरत आणि नटबोल्ट सैल होत. इ.स. २०२३ मध्ये आलेल्या ३४९ घनसेंमी बुलेटमध्ये संतुलन दंड असून तिची थरथर बरीच कमी आहे.

किक: जुन्या बुलेटच्या हेडलाइटवरील पत्र्यात अँपिअरमापक बसवलेला असे. इग्निशन चालू करून किक हळूहळू दाबत नेली असता पॉइंट उघडताच या मापकाचा काटा मध्यावर येतो. पिस्टन वरच्या टोकाजवळ आल्याची ती खूण होय. त्या वेळी हँडलवरील डीकॉम्प्रेसरचा खटका दाबून किक किंचित पुढे सरकवावी लागते, खटका सोडून ती वर येऊ द्यावी लागते आणि मग संपूर्ण किक मारावी लागते. क्रम चुकल्यास किंवा ज्वलनाची वेळ नीट लावलेली नसल्यास किक उलट फिरून पायाला इजा होऊ शकते.

गिअर: पहिला गिअर वरच्या बाजूला व उरलेले तीन खालच्या बाजूला असत. टाचेने दाबण्याच्या वेगळ्या पट्टीने थेट न्यूट्रलमध्ये येता येई. इतर भारतीय मोटारसायकलींमध्ये ही रचना उलट असल्याने नवख्या चालकाचा पाय ब्रेकऐवजी गिअरवर पडण्याचा धोका असे. इ.स. २०००च्या दशकात कंपनीने टप्प्याटप्प्याने डाव्या पायाचे गिअर आणले.

'स्वभाव' म्हणून नावाजल्या गेलेल्या यांतील बहुतेक बाबी अभियांत्रिकीच्या दृष्टीने उणिवा होत. थरथर, इंजिनातून होणारी तेलगळती, कमकुवत ब्रेक आणि सुरू होण्यातील अनिश्चितता दूर करण्यासाठीच पुढील आराखडे तयार करण्यात आले.

विद्युत दुचाकींशी तुलना

विद्युत दुचाकीच्या मोटारीत ज्वलन, पिस्टन व झडपा नसतात. फिरणारा भाग प्रामुख्याने एकच असल्याने ठोका व थरथर निर्माण होण्याचे कारणच उरत नाही. मोटार शून्य गतीपासून जवळपास पूर्ण बल देऊ शकते. म्हणून बहुतेक विद्युत दुचाकींना क्लच व गिअर लागत नाहीत. कमी गतीवरील ओढ हा जुन्या बुलेटचा जो गुण मानला जातो, तो विद्युत मोटारीत अधिक प्रमाणात असतो.

ऊर्जेच्या वापरातील अंतर मोठे आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ किलोवॅट-तास ऊर्जा असते. लिटरमागे ३५ किमी चालणारी बुलेट त्या हिशेबाने १०० किमीसाठी सुमारे २६ किलोवॅट-तास ऊर्जा वापरते आणि तिचा बराचसा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. पुणे व बंगळूर येथे इ.स. २०२० मध्ये विक्रीस आलेल्या बजाजच्या विद्युत चेतकमध्ये सुमारे ३ किलोवॅट-तासांची बॅटरी होती आणि एका चार्जमध्ये ९५ किमी अंतराचा कंपनीचा दावा होता. दोन्ही वाहनांचे वजन व वेग भिन्न असल्याने ही तुलना ढोबळ आहे. भारतातील बहुतांश वीज कोळशापासून तयार होत असल्याने विद्युत दुचाकीच्या प्रदूषणाचा काही भाग वीजकेंद्राकडे सरकतो. रस्त्यावरील धूर मात्र टळतो.

साठवणुकीच्या बाबतीत पेट्रोल वरचढ ठरते. बुलेटची टाकी काही मिनिटांत भरते आणि भरलेल्या टाकीवर ४०० किमीपेक्षा अधिक अंतर कापता येते. लांब पल्ल्याच्या प्रवासात विद्युत दुचाकीला चार्जिंगची सोय व वेळ यांचे नियोजन करावे लागते.

कृत्रिम आवाज: इ.स. २०१९ मध्ये आलेल्या रिव्होल्ट आरव्ही ४०० या भारतीय विद्युत मोटारसायकलीत स्पीकरमधून इंजिनासारखे आवाज काढण्याची सोय होती आणि चालक मोबाइल अ‍ॅपद्वारे त्यांतून निवड करू शकत असे. जुन्या गाडीत आवाज हा यंत्राच्या स्थितीचा निदर्शक असतो: टॅपेटचा खडखडाट, चेनची खरखर किंवा अनियमित ठोका यांवरून दोष ओळखता येतो. स्पीकरमधील आवाजाला हा उपयोग नाही. दुसरीकडे, कमी वेगात विद्युत वाहन जवळ आल्याचे पादचाऱ्यांना, विशेषतः दृष्टिहीनांना, कळत नाही. युरोपीय संघाने इ.स. २०१९ पासून नव्या विद्युत मोटारींना इशाऱ्याचा आवाज टप्प्याटप्प्याने बंधनकारक केला. दुचाकींना तो नियम लागू नाही.

देखभाल व दुरुस्ती

जुन्या बुलेटचा मूळ आराखडा अनेक दशके फारसा न बदलल्याने निरनिराळ्या वर्षांच्या गाड्यांचे बरेच भाग एकमेकींना चालतात. झिजलेला सिलिंडर बोअर करून त्यात मोठ्या मापाचा पिस्टन बसवता येतो. पॉइंटमधील फट, टॅपेट, कार्बोरेटर व चेन यांची जुळवणी साध्या हत्यारांनी होते. त्यामुळे लहान गावांतील गॅरेजमध्येही या गाडीची दुरुस्ती होऊ शकली. हे ज्ञान मुख्यतः उस्तादाच्या हाताखाली काम करून पुढच्या पिढीकडे गेले. मात्र ही जुळवणी वारंवार करावी लागते. दुर्लक्ष झाल्यास गाडी रस्त्यात बंद पडते.

विद्युत दुचाकीला इंजिन तेल, प्लग, कार्बोरेटर व क्लच नसल्याने नियमित देखभाल कमी लागते. टायर, ब्रेक व बेअरिंग यांची कामे सामान्य गॅरेजमध्ये होतात. बॅटरी, कंट्रोलर व संगणकप्रणाली यांतील दोष शोधण्यासाठी मात्र बहुधा उत्पादकाचीच उपकरणे लागतात आणि सदोष भाग दुरुस्त करण्याऐवजी बदलला जातो. बॅटरीची क्षमता कालांतराने घटते आणि ती बदलणे खर्चिक असते. परिणामी पंधरा-वीस वर्षांनंतर गाडी चालू ठेवण्याची शक्यता मालकाच्या वा मिस्त्रीच्या कौशल्यापेक्षा सुटे भाग व संगणकप्रणाली पुरवणाऱ्या उत्पादकावर अधिक अवलंबून राहते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये विद्युत वाहन यांत्रिकीचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला आहे.

कायदेशीर स्थिती

भारतात खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क ३०० रुपयांवरून १,००० रुपये करण्यात आले. इ.स. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांची 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी करता येते. अशी वाहने नियमित वापरासाठी चालवता येत नाहीत. त्यामुळे रोजच्या वापरातील जुन्या बुलेटला या तरतुदीचा लाभ मिळत नाही.

१७५ घनसेंमीपेक्षा मोठ्या दुचाकींसाठी उत्पादनाच्या वेळी आवाजाची मर्यादा ८० डेसिबल होती. मूळ सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवणे हा दंडनीय गुन्हा आहे. महाराष्ट्रातील काही शहरांत पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली नष्ट केले आहेत. कर्कश फटाक्यासारखा हा आवाज व मूळ सायलेन्सरमधून येणारा जुन्या बुलेटचा मंद ठोका या भिन्न बाबी असल्या, तरी सार्वजनिक चर्चेत दोन्ही 'बुलेटचा आवाज' म्हणूनच ओळखल्या जातात.

विद्युत रूपांतर

पेट्रोल दुचाकीचे इंजिन काढून मोटार व बॅटरी बसवण्यास भारतात परवानगी आहे. त्यासाठीचा संच पुण्यातील एआरएआय यांसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून प्रमाणित असावा लागतो आणि बदलाची नोंद प्रादेशिक परिवहन कार्यालयात करावी लागते. वेल्समधील इलेक्ट्रिक क्लासिक कार्स या कार्यशाळेने बुलेटवर आधारित 'फोटॉन' नावाची विद्युत मोटारसायकल तयार केली. तिच्यात बुलेटचे बाह्य रूप टिकले; ठोका, किक व गिअर उरले नाहीत. रॉयल एनफील्डने स्वतः नोव्हेंबर २०२४ मध्ये मिलान येथे 'फ्लाइंग फ्ली' या नावाने आपली पहिली विद्युत मोटारसायकल सादर केली. हे नाव दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीधारी सैनिकांसोबत उतरवल्या जाणाऱ्या कंपनीच्या १२५ घनसेंमी मोटारसायकलीचे आहे.

हे सुद्धा पहा

रॉयल एनफील्ड
जावा मोटारसायकल
बजाज चेतक
विद्युत वाहन
अंतर्ज्वलन इंजिन