चांगीच्या भिंतीवरील चित्रे

सिंगापूरला जाणारे आपले बंधुभगिनी वॉटरलू स्ट्रीटवरील मगेन अबोथ सिनेगॉगला जातात. ते १८७८ सालचे. पण त्याच बेटावर चांगी येथे एका लष्करी बराकीत पाच भित्तिचित्रे आहेत, त्यांची हकीकत फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यांचा विषय ख्रिस्ती शास्त्रातला आहे. तरीही आपण इस्राएली लोकांनी तो समजून घेण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले व हजारो शिपाई कैदी झाले. त्यांत इंग्रज तोफखान्यातला स्टॅन्ली वॉरन हा चित्रकार होता. बुकित बातोक येथे जपानी स्मारकाचा रस्ता बांधण्यासाठी कैद्यांना राबवीत. तेथल्या कैद्यांच्या प्रार्थनागृहात त्याने कोळशाने दोन चित्रे काढली. एकात येशूची आई मलायी स्त्री दाखविली. दुसऱ्यात क्रूसावरून प्रेत उतरविणारे लोक त्याच्याच काळच्या गणवेशातले शिपाई होते. ज्यांनी आपले सोबती पुरले, त्यांना त्या चित्रात काय दिसले असेल, हे सांगावयास नको.

पुढे आमांश व मूत्रपिंडाच्या विकाराने तो चांगीच्या इस्पितळात आला. धर्मगुरूंच्या विनंतीवरून तेथील प्रार्थनागृहाच्या भिंती त्याने रंगविल्या. लष्करी तपकिरी रंग, थोडा लाल व पांढरा, आणि निळ्यासाठी बिलियर्डचा खडू, एवढेच साहित्य सोबत्यांनी मिळवून दिले. अंगात त्राण नसल्यामुळे थोडे काम करावयाचे व विसावा घ्यावयाचा. १९४२ च्या नाताळापर्यंत पहिले चित्र पुरे झाले. क्रूसाच्या चित्रात त्याने सूडाचे नव्हे, क्षमेचे वचन लिहिले.

येथेच आपला संबंध येतो. युरोपात कित्येक शतके हा प्रसंग रंगविताना यहुदी माणसाचा चेहरा विद्रूप करून सारा दोष त्याच्या माथी मारीत, आणि त्याची फळे आपल्या बांधवांनी भोगली. १९३८ साली मार्क शागाल या यहुदी चित्रकाराने येशूच्या कमरेला सिसीथ गुंडाळून भोवती जळते सिनेगॉग व पळणारे यहुदी दाखविले. आपल्या लोकांचे दुःख त्याने जुन्याच चित्रात मांडले. वॉरनने कैद्यांचे मांडले. पण कोणत्याही जातीकडे बोट दाखविले नाही.

पवित्र कथेला आपल्या मातीचा पेहराव चढविणे आपणांसही नवे नाही. १८७४ साली पुण्यास छापलेल्या मराठी हग्गादात मासा तयार करणाऱ्या स्त्रिया हिंदी पेहरावात आहेत.

युद्धकाळातच चित्रांवर चुना फासला गेला. एका चित्राचा खालचा भाग दार पाडताना नष्ट झाला. १९५८ साली ती पुन्हा सापडली. त्या दिवसांच्या आठवणी वॉरनला छळीत, म्हणून परत जाण्यास तो कचरत होता. तरी १९६३, १९८२ व १९८८ साली जाऊन त्याने स्वतः ती दुरुस्त केली. १९९२ साली तो वारला.

मूळ चित्रे लष्करी हद्दीत आहेत. त्यांच्या प्रतिकृती चांगीच्या संग्रहालयात पाहावयास मिळतात. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी त्या अवश्य दाखवाव्यात, आणि दुःख सांगताना दुसऱ्याच्या द्वेषाची गरज नसते, एवढे त्यांना समजावून द्यावे.