तांबड्या लाकडाची निळाई

सकाळी दहाच्या सुमाराला पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये सिंकपाशी उभं राहावं. तंत्रज्ञ ताई काचपट्ट्यांचा रॅक हिमॅटॉक्सिलिनच्या जारमधून वर काढतात, निथळू देतात, आम्ल घातलेल्या अल्कोहोलमध्ये बुडवून लगेच बाहेर घेतात आणि नळाखाली धरतात. काचेला चिकटलेला मांसाचा पापुद्रा त्या क्षणी तांबूस दिसत असतो. नळाचं पाणी वाहू लागतं आणि काही मिनिटांत तो तांबूसपणा सरून निळा-जांभळा रंग चढतो. पाण्यात जो थोडासा क्षार असतो, तेवढा पुरतो. लॅबमध्ये याला ‘ब्लूइंग’ म्हणतात. मग इओसिनचा गुलाबी हात दिला, की स्लाईड वाचायला तयार.

मी हे वर्षानुवर्षं पाहतो आहे आणि तरी नळापाशी थांबतोच. त्या निळाईत कुणाच्या तरी गाठीचं नाव उमटायचं असतं. जगात कुठेही गाठ काढली, तरी तिची पहिली तपासणी बहुधा याच दोन रंगांत होते. लॅबच्या बोलीत ‘एच अँड ई’. रोजची चरबीची गाठ असो, नाहीतर डॉक्टरांच्या अख्ख्या कारकिर्दीत एकदाच भेटणारी एखादी दुर्मिळ गाठ असो, सुरुवात इथूनच. त्यातला गुलाबी रंग कारखान्यात जन्मला. निळा आला तो मात्र एका झाडाच्या खोडातून, आणि त्याची कुळकथा मेक्सिकोच्या दलदलीत सुरू होते.

युकातान द्वीपकल्पाच्या पश्चिमेला कांपेचे नावाचा प्रदेश आहे. तिथे आणि शेजारच्या बेलीझमध्ये पाणथळ जमिनीत एक काटेरी, वेड्यावाकड्या खोडाचं झाड वाढतं. खोडाचा गाभा तांबडा. माया लोक त्याचा रंग काढत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी हे लाकूड युरोपात नेलं आणि तिथल्या रंगाऱ्यांना काळ्या-निळ्या रंगाची नवी वाट सापडली. इंग्लंडमध्ये ते ‘लॉगवुड’ झालं. पण ज्याला रंग बांधून घेणं साधत नसे, त्याचं कापड लवकर विटे. तक्रारी वाढल्या आणि १५८१ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटनं हा रंग वापरायला बंदी घातली. ती उठायला १६६२ साल उजाडलं. तोवर रंगाऱ्यांना हे लाकूड नीट कळलं होतं आणि त्याला चांगला भाव आला होता.

भाव आला तशा कुऱ्हाडी आल्या. स्पेनची जहाजं लुटणारे इंग्रज चाचे किनाऱ्यावर उतरून लाकूडतोडे बनले. पुढे प्रवासवर्णनांमुळे नावाजलेला विल्यम डॅम्पियर १६७० च्या दशकात कांपेचेच्या किनाऱ्यावर हेच लाकूड तोडत होता. गुडघाभर पाणी, डासांचे थवे, आणि खांद्यावरून वाहून न्यायचे जड ओंडके. पुढे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून हे काम करून घेतलं गेलं. १७६३ च्या पॅरिस तहात स्पेननं इंग्रजांना होंडुरासच्या आखातात हे लाकूड तोडायची मुभा दिली. त्या वस्तीतून ब्रिटिश होंडुरास ही वसाहत उभी राहिली, तीच १९८१ मध्ये बेलीझ म्हणून स्वतंत्र झाली. एका देशाच्या मुळाशी एक रंगाचं झाड आहे, आणि त्या रंगाच्या मुळाशी पुष्कळांची सक्तीची मेहनत आहे. स्लाईड हातात घेताना हेही आठवावं.

लिनिअसनं १७५३ मध्ये या झाडाचं शास्त्रीय नाव ठेवलं ‘हिमॅटॉक्सिलम कांपेचिआनम’. ग्रीक भाषेत ‘हायमा’ म्हणजे रक्त आणि ‘झायलॉन’ म्हणजे लाकूड. रक्तासारखं लाकूड, कांपेचेचं. १८१० मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी त्यातलं रंगद्रव्य वेगळं केलं, ते हिमॅटॉक्सिलिन.

आपल्याकडे या झाडाचा एक भाऊबंद आहे. पतंग नावाचं तांबडं लाकूड आयुर्वेदात आणि रंगकामात जुन्या काळापासून वापरलं जातं. पतंगातलं ब्राझिलिन आणि कांपेचेच्या लाकडातलं हिमॅटॉक्सिलिन यांच्या रेणूंत फरक आहे तो ऑक्सिजनच्या एका अणूचा. एकाच घराण्यातली ही दोन लाकडं, एक वखारीतून काढ्यात गेलं आणि दुसरं जहाजातून प्रयोगशाळेत.

सूक्ष्मदर्शक हातात आल्यावरही बराच काळ डॉक्टर जवळजवळ रंगाशिवायच पाहत होते. योहानेस म्युलर यांनी १८३८ मध्ये गाठींच्या सूक्ष्म रचनेवर ग्रंथ लिहिला. त्यांचे शिष्य रुडॉल्फ व्हिरचो यांनी १८५८ मध्ये रोग पेशींत शोधायचा, हा विचार ठामपणे मांडला. पण रंग न दिलेली पेशी पाण्यातल्या काचेच्या तुकड्यासारखी असते. ती आहे हे कळतं, कड मात्र हाती लागत नाही. त्याच १८५८ मध्ये योसेफ फॉन गेर्लाख यांनी कार्माइन या किड्यापासून मिळणाऱ्या लाल रंगात ऊतक बुडवून पाहिलं आणि केंद्रकं उठून दिसू लागली. मग लॉगवुडची पाळी आली. १८६३ मध्ये विल्हेल्म वाल्डायर यांनी त्याचं पाणी वापरून पाहिलं. रंग धड बसला नाही.

बसणार कसा? हिमॅटॉक्सिलिन मुळात जवळजवळ रंगहीन असतं. त्याला हवा लागू द्यावी लागते, मुरू द्यावं लागतं. लोणचं मुरतं तसं आठवडेच्या आठवडे ते बाटलीत मुरतं आणि त्याचं हिमॅटेइन होतं. लॅबमध्ये याला ‘रायपनिंग’ म्हणतात, म्हणजे सरळ पिकणं. पुढे १९०० मध्ये हॅरिस यांनी पाऱ्याचं ऑक्साईड घालून हे काम तासाभरात करायची रीत दिली. पण पिकल्यानंतरही हा रंग ऊतकावर आपापला टिकत नाही. त्याला हाताला धरून बसवणारं कुणीतरी लागतं.

ते कोण, हे कुठल्याही रंगाऱ्यानं सांगितलं असतं. तुरटी! मोहेंजोदडोत मंजिष्ठेनं रंगवलेल्या सुती कापडाचा तुकडा सापडला आहे. मंजिष्ठेचा रंग सुतावर रंगबंधकाशिवाय धरत नाही, म्हणजे ही युक्ती आपल्याकडे किती जुनी आहे पाहा. कापड आधी तुरटीच्या पाण्यातून काढायचं, मग रंगात घालायचं. तुरटीतलं अॅल्युमिनियम एका हातानं धाग्याला धरतं, दुसऱ्या हातानं रंगाला. १८६५ मध्ये ब्योमर या जर्मन संशोधकानं हिमॅटॉक्सिलिनमध्ये तुरटी मिसळली आणि वाल्डायरना जे जमलं नव्हतं ते साधलं. अॅल्युमिनियमशी जोडलेल्या हिमॅटेइनवर धन भार असतो, केंद्रकातल्या डीएनएवर ऋण. दोघं एकमेकांना घट्ट धरतात. केंद्रक निळं होतं आणि बाकीची पेशी फिकी राहते. रंगाऱ्याच्या हौदातली ही विद्या अशी काचपट्टीवर आली.

उरलेल्या फिक्या भागाला रंग दिला दुसऱ्या एका रंगानं. हाइनरिक कारो हे जर्मनीतल्या बीएएसएफ या रंगकारखान्याचे रसायनशास्त्रज्ञ. १८७४ च्या सुमाराला त्यांनी एक झळझळीत गुलाबी रंग बाजारात आणला, रेशीम आणि लोकरीसाठी. ग्रीक पहाटदेवता इओसवरून त्याचं नाव झालं इओसिन. याच्यावर ऋण भार, म्हणून तो पेशीतल्या प्रथिनांना धरतो. १८७६ मध्ये रशियन संशोधक विसोत्स्की यांनी हे दोन्ही रंग एकत्र वापरल्याचं प्रसिद्ध केलं. निळं केंद्रक, गुलाबी पेशीरस, लालभडक रक्तपेशी. बाकीची जुळवाजुळवही याच काळातली. क्लेब्स यांनी १८६९ मध्ये ऊतक मेणात बसवलं. १८९३ मध्ये फर्डिनंड ब्लुम यांनी जंतुनाशक म्हणून फॉर्माल्डिहाइड तपासताना आपल्याच बोटांची कातडी टणक झालेली पाहिली आणि त्यातून ऊतक टिकवायची रीत निघाली. फॉर्मलिन, मेण, लाकूड, पहाट. लॅबचा क्रम तेव्हापासून फारसा बदललेला नाही.

पण रंग चढला म्हणजे निदान झालं असं नाही. ते शिकवलं एका सम्राटाच्या घशानं. १८८७ च्या सुरुवातीला जर्मनीच्या युवराज फ्रेडरिकचा आवाज बसला. जर्मन शल्यचिकित्सकांना कॅन्सरचा संशय होता आणि शस्त्रक्रियेची तयारीही झाली होती. लंडनहून आलेले मोरेल मॅकेंझी म्हणाले, आधी तुकडा तपासू. त्यांनी स्वरयंत्रातून चिमटीएवढे तुकडे काढले आणि ते व्हिरचोंकडे गेले. व्हिरचोंना त्यांत जाड झालेलं, मोडासारखं आवरण दिसलं, कॅन्सर दिसला नाही. शस्त्रक्रिया टळली. मार्च १८८८ मध्ये रुग्णाची थुंकी तपासून कॅन्सर आहे असं ज्यांनी सांगितलं ते वाल्डायर, लॉगवुड पहिल्यांदा वापरून पाहणारे तेच. फ्रेडरिक त्याच महिन्यात सम्राट झाले आणि ९९ दिवसांनी, १५ जूनला गेले.

व्हिरचो चुकले का? १९४८ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन अॅकरमन यांनी कॅन्सरच्या एका वेगळ्या जातीचं वर्णन केलं, ‘व्हेरुकस कार्सिनोमा’. वरून मोडासारखी, पेशी एकेकट्या पाहिल्या तर निरुपद्रवी. खोड असते ती तळाशी. रुंद, बोथट मुळं खालच्या ऊतकाला ढकलत आत उतरत असतात. वरवरचा तुकडा घेतला तर त्यात काहीच वावगं सापडत नाही. फ्रेडरिकच्या गाठीचा बराच भाग याच जातीचा असावा, असं अलीकडे काही पॅथॉलॉजिस्टांनी जुन्या नोंदींवरून मांडलं आहे. तसं असेल, तर व्हिरचोंनी पाहिलं ते खरंच होतं. त्यांच्यापर्यंत आलेला तुकडा उथळ होता.

ही गाठ आपल्याला परकी नाही. गालात तंबाखूची गोळी धरणाऱ्यांच्या तोंडात ती आम्हाला दिसते. पांढरट, फुलकोबीसारखी. अशा वेळी रिपोर्टवर ‘तुकडा खोलवरून पाठवा’ असं लिहावं लागतं. जे युवराजांच्या बाबतीत हुकलं, ते बुलढाण्याच्या शेतकऱ्याच्या बाबतीत हुकू नये, एवढ्यासाठी.

आणखी एक गाठ सांगतो. ती फार क्वचित भेटते, बहुधा तरुण वयात, अनेकदा मांडीत. स्लाईडवर पेशींचे गोल गोल पुंजके. मधल्या पेशी सुटून पडलेल्या, त्यामुळे पुंजके पोकळ, फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांसारखे. एकेक पेशी मोठी, गुलाबी रंगानं भरलेली. न्यूयॉर्कच्या तीन पॅथॉलॉजिस्टांनी १९५२ मध्ये तिचं नाव ठेवलं ‘अल्व्हिओलर सॉफ्ट पार्ट सार्कोमा’. ‘अल्व्हिओलर’ हा शब्द त्या पिशव्यांवरूनच आला. दोन गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून या गाठीत दोन जनुकं जोडली जातात, हे २००१ मध्ये उलगडलं. म्हणजे जनुक सापडायच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी रंगानं तिला वेगळं काढलं होतं. जनुक शोधणाऱ्यांनी कुठल्या गाठी तपासायच्या, हे त्या दोन रंगांनीच सांगून ठेवलं होतं.

मला जे सांगायचं आहे ते इथे आहे. दुर्मिळ गाठ ओळखू येते ती वेगळी दिसते म्हणून, आणि वेगळं दिसायला बाकी सगळं सारखं असावं लागतं. दीडशे वर्षं जगभरच्या लॅबनी गाठी याच दोन रंगांत पाहिल्या. म्हणून न्यूयॉर्कमध्ये केलेलं वर्णन मुंबईत जुळवता येतं, आजोबांच्या काळातली स्लाईड नातीच्या स्लाईडशेजारी ठेवता येते. आज प्रतिपिंडांच्या तपासण्या आहेत. १९४१ मध्ये आल्बर्ट कून्स यांनी त्यांची वाट उघडली. त्यांत हवं ते प्रथिन तपकिरी रंगात उमटतं, आणि मागची केंद्रकं दिसावीत म्हणून स्लाईडला शेवटी हात दिला जातो तो हिमॅटॉक्सिलिनचाच. कृत्रिम हिमॅटॉक्सिलिन बनवता येतं, पण बाजारात मिळतं ते आजही बहुतांशी त्या झाडाचंच.

त्याच १९४१ मध्ये, २८ फेब्रुवारीला, परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी घेतली. भारतीय पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांना ओळखतात ते योग्यच. आपल्या लोकांच्या गाठी आपण वाचायच्या, त्यांच्या सवयींशी ताडून पाहायच्या, ही शिस्त त्यांच्यापासून रुजली. आजही राज्यभरातून माणसं परळला येतात तेव्हा पिशवीत एक छोटी पुडी असते. स्लाईड आणि ब्लॉक. ब्लॉक म्हणजे गाठीचा नखाएवढा तुकडा बसवलेला मेणाचा चौकोन. पुष्कळांना ती जुनी, वापरून झालेली वस्तू वाटते. गावच्या घरी कपाटात, कधी फ्रीजवर पडून असते.

ती टाकू नका. नाव न सापडलेल्या गाठीसाठी तोच पुरावा असतो. दहा वर्षांनी कुणी नवी जात वर्णन करतं, तेव्हा आम्ही जुना ब्लॉक मागवतो. मायक्रोटोमवर केसाच्या पंधराव्या-विसाव्या हिश्श्याएवढा पातळ पापुद्रा निघतो, कोमट पाण्यावर तरंगतो, काचेवर येतो. मग तोच जार, तोच नळ. पाणी वाहू लागतं, तांबूस रंग निळा होतो, आणि दहा वर्षांपूर्वी ‘निश्चित सांगता येत नाही’ असं लिहिलेल्या ओळीखाली कधी कधी एक नाव लिहिता येतं.