अंधारातला पुरावा : संवेदनशीलता, नॉइज आणि लेन्स

बोरी अरबच्या या सभेत विषय कॅमेऱ्याचा आहे, पण सुरुवात आपण अजिंठ्यापासून करू. रॉबर्ट गिल १८४४पासून तिथल्या चित्रांच्या प्रती हाताने रंगवत होता. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग कोणी विचारेल, फोटो का नाही काढले? गिलने लेण्यांचे फोटो काढले होते. पण तेव्हाच्या कलोडियनच्या काचेला निळा प्रकाश दिसे, तांबडा-पिवळा जवळजवळ दिसत नसे. आणि अजिंठ्यात सगळा खेळ गेरूचा, पिवळ्या मातीचा! वर आत अंधार. म्हणजे संवेदनशीलतेचे प्रश्न दोन : प्रकाश किती लागतो, आणि कोणता.

फिल्मच्या काळात जास्त संवेदनशील फिल्म म्हणजे जाड कण, हा सौदा ठरलेला होता. डिजिटलमध्ये लोक म्हणतात, आयएसओ वाढवला की सेन्सर जास्त प्रकाश घेतो. तसं नाही. सेन्सरवर पडला तेवढाच प्रकाश. आयएसओ फक्त तो संकेत मोठा करतो. कीर्तनकाराचा आवाज बारीक असला आणि आपण भोंगा वाढवला, तर खरखरही वाढतेच ना?

ही खरखर, म्हणजे नॉइज, बरीचशी प्रकाशातच असते. प्रकाशकण पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. १०० कण मिळाले तर चढउतार साधारण १०चा, म्हणजे १० टक्के. १०,००० मिळाले तर १००चा, म्हणजे फक्त १ टक्का. तेव्हा उपाय एकच, प्रकाश जास्त गोळा करा.

इथे लेन्स येते. एफ/५.६च्या तुलनेत एफ/१.८ची लेन्स तेवढ्याच वेळात सुमारे साडेनऊपट प्रकाश आत घेते. मात्र स्पष्टतेची खोली कमी होते. पोथीचं पान किंवा शिलालेख हलत नाही. तिथे तिपाई लावा, आयएसओ कमी ठेवा, वेळ वाढवा. १९९१मध्ये बिनॉय बहल यांनी अजिंठ्याची चित्रं प्रखर दिवे न लावता, मंद प्रकाशातच टिपली.

एवढा खटाटोप कशासाठी? आम्ही तत्त्वज्ञानवाले प्रत्यक्ष आणि अनुमान वेगळं ठेवतो. मोबाइल नॉइज पुसतो तेव्हा पुष्कळदा अंदाजाने गुळगुळीत करतो. उद्या घरातल्या जुन्या मोडी कागदाचा फोटो काढाल आणि त्यात एखादं अक्षर असं पुसलं जाईल, तर पुढच्या वाचकाच्या हाती अनुमान पडेल, आणि तो ते प्रत्यक्ष समजून वाचेल. म्हणून फोटोत थोडी खरखर राहिली तरी चालेल, पण अक्षर खरं राहू द्या.

आता प्रश्न घेऊ.