आधी दळण, मग ओवी

‘जात्यावर बसले की ओवी सुचते’ ही म्हण मराठीत इतकी रुळली आहे, की कामाला हात घातल्यावर पुढची वाट आपोआप सापडते एवढाच तिचा अर्थ आता घेतला जातो. परंतु तिच्या मुळाशी या प्रदेशातील असंख्य स्त्रियांचा कित्येक शतकांचा प्रत्यक्ष अनुभव आहे, आणि तो शब्दशः घेतला तर श्रम, चिकाटी आणि श्रद्धा यांचे नाते अधिक नेमकेपणाने समजते. म्हणीतील क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. बसणे आधी आहे आणि सुचणे नंतर आहे. मनाला उभारी आली म्हणून कोणी पहाटे उठून दळायला बसत नसे. दळायला बसावेच लागे, आणि ती उभारी खुंट्याच्या फेऱ्यांबरोबर हळूहळू निर्माण करावी लागे. ती निर्माण करण्याचे साधन म्हणजे ओवी, आणि तिचा इतिहास हा या अर्थाने रोजच्या धीराचा इतिहास आहे.

जाते म्हणजे काळ्या पाषाणाच्या, एकावर एक बसवलेल्या दोन वर्तुळाकार तळ्या. खालची तळी स्थिर असते. तिच्या मध्यभागी लोखंडी खीळ असते आणि त्या खिळीभोवती वरची तळी फिरते. वरच्या तळीच्या मध्यभागी धान्य सोडण्यासाठी तोंड ठेवलेले असते आणि कडेजवळ लाकडी खुंटा ठोकलेला असतो, जो धरून ती फिरवली जाते. एका हाताने खुंटा फिरवीत दुसऱ्या हाताने सुपातील मूठमूठ धान्य तोंडात सोडावे लागते. या मुठीला ‘वैरण’ म्हणतात आणि ती घालण्याला ‘वैरणे’. वैरण जास्त पडली तर पीठ भरड उतरते, कमी पडली तर दगडावर दगड घासून कच निघते, त्यामुळे मुठीचे माप आणि हाताची गती यांचा मेळ लहानपणापासूनच अंगी बाणवावा लागे. तळ्यांचे आतले पृष्ठभाग वापराने गुळगुळीत झाले की छिन्नीने त्यांवर पुन्हा बारीक खाचा पाडाव्या लागत. याला ‘टाकी लावणे’ असे नाव होते, आणि हे काम करणारे पाथरवट किंवा टाकारी गावोगाव फिरून दारात बसून ते करून देत. ज्या दख्खनच्या कातळावर हा प्रदेश वसला आहे तोच कातळ घराघरांत जात्याच्या रूपाने आला, ही गोष्ट साधी असली तरी महत्त्वाची आहे, कारण या साधनासाठी लोकांना दूरच्या बाजारावर अवलंबून राहावे लागले नाही. खानदेशात त्याला ‘घरोट’ म्हणतात. कोकणात भाताचे तूस काढण्यासाठी जात्यासारखेच ‘घिरट’ वापरात होते.

हे साधन सर्वकाळ असेच नव्हते. ताम्रपाषाणयुगातील वस्त्यांमध्ये पाट्या-वरवंट्यासारखे, मागे-पुढे रगडून धान्य वाटण्याचे खोलगट दगड सापडतात. फिरते जाते दख्खनमध्ये इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत, सातवाहनांच्या काळाच्या सुमारास, रूढ झालेले दिसते. हसमुख सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली प्रवरेच्या काठी नेवासे येथे १९५४पासून झालेल्या उत्खननांनी या प्रश्नावर बराच प्रकाश टाकला, आणि भारतातील फिरत्या जात्यांवर सांकलियांनी स्वतंत्र निबंधही लिहिला. ज्या नेवाशाच्या मातीत जुनी जाती सापडली, त्याच नेवाशात शके १२१२मध्ये, म्हणजे १२९० साली, सुमारे नऊ हजार ओव्यांची ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. हा योगायोगच आहे, पण मराठी वाचकाने तो मनात ठेवावा असा आहे.

जाते रोज का फिरवावे लागे, याचे उत्तर धान्यातच आहे. गव्हाच्या पिठात जो चिकटपणा असतो तो ज्वारी-बाजरीच्या पिठात नसतो. त्याची भाकरी थापली जाते ती ताज्या पिठाच्या अंगच्या बांधून धरण्याच्या गुणावर, ज्याला ‘विरी’ असा शब्द आहे. पीठ शिळे झाले की विरी जाते, भाकरी थापताना चिरते, आणि बाजरीचे पीठ तर काही दिवसांत कडूही होते. म्हणून आठवड्याचे दळण एकदम दळून ठेवणे भाकरी खाणाऱ्या घराला परवडत नसे. मोठ्या कुटुंबाला रोजचे पायलीभर धान्य, म्हणजे चार शेर, लागणे ही काही विशेष गोष्ट नव्हती, आणि दिवस उजाडल्यावर शेत, पाणी, गुरे, मुले यांची कामे उभी असल्यामुळे दळणासाठी उरत असे ती पहाटच. कोंबडा आरवण्यापूर्वी उठणे हा त्या काळी सद्गुण म्हणून शिकवला गेला असेल, परंतु मुळात ती ज्वारीच्या पिठाने घातलेली अट होती.

या श्रमाला गाण्याची जोड केव्हा मिळाली हे निश्चित सालाने सांगता येण्यासारखे नसले, तरी तिचा जुना लेखी पुरावा उपलब्ध आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, जो ११२९ ते ११३१च्या सुमारास रचला गेला, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात अशी नोंद आहे. कांडण म्हणजे उखळात मुसळाने धान्य सडणे. दळण आणि कांडण ही एकाच घरातील, एकाच स्त्रीची जोडकामे असल्यामुळे ‘दळणकांडण’ असा जोडशब्दच भाषेत रूढ झाला. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात ओवीला गीतप्रकार म्हणून स्थान दिले आणि ती देशभाषेत गायिली जाणारी, प्रासयुक्त खंडांची रचना असल्याचे सांगितले. याचा अर्थ असा, की ज्ञानेश्वरांनी गीतेवरील भाष्यासाठी ओवी निवडली तेव्हा ती आधीच स्त्रियांच्या कंठात दीर्घकाळ रुळलेली होती. अभ्यासक ग्रंथातील ओवीला ग्रंथस्थ आणि जात्यावरील ओवीला कंठस्थ म्हणतात. या दोहोंपैकी कंठस्थ ओवी मूळची आणि ग्रंथस्थ ओवी तिच्यापासून निघालेली, असे मानणे सयुक्तिक वाटते; मराठीतील सर्वांत थोर ग्रंथाचे छंदोऋण उखळाशी आणि जात्याशी आहे, हे पुरेशा स्पष्टपणे सांगितले जात नाही.

श्रद्धेचा धागा या इतिहासात ठळकपणे येतो तो जनाबाईंच्या रूपाने. गोदावरीकाठच्या गंगाखेडच्या जनाबाई पंढरपूरला नामदेवांच्या घरी दासी म्हणून वाढल्या, आणि त्यांच्या नावावरील साडेतीनशेच्या जवळपास अभंगांत दळणे, कांडणे, झाडणे, शेण्या वेचणे ही कामे वारंवार येतात. त्यांच्या अभंगांतील विठ्ठल गाभाऱ्यातून उठून येतो आणि जात्याचा खुंटा धरतो. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथात या कथा ओवीबद्ध झाल्या आणि कीर्तनकारांनी त्या घरोघरी पोहोचवल्या. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनाबाईंचे म्हणून दाखवले जाणारे जाते आजही वारकरी श्रद्धेने पाहतात. या कथेतील देव दासीला कामातून सोडवून नेत नाही, दळण संपवण्याचा चमत्कार करीत नाही. तो समोर बसून सोबत दळतो. एका जात्यावर दोघी समोरासमोर बसून, एकाच खुंट्याला हात लावून दळण्याची जी पद्धत होती, त्यातील दुसरी जागा जनाबाईंनी देवाला दिली. ज्या स्त्रीला जाऊ, नणंद किंवा शेजारीण सोबतीला नव्हती, तिला या कल्पनेचा आधार किती वाटला असेल हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

जात्यावरील ओव्यांची मांडणीही या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. दळणाच्या आरंभी जात्याला हळदकुंकू वाहण्याची चाल अनेक घरांत होती. पहिली ओवी देवाला, मग दुसरी, तिसरी असे मोजत ग्रामदैवत, आईबाप, गुरू, भाऊ, लेकरे यांना एकेक ओवी दिली जाई, आणि जात्यालाही देव मानून त्याच्याशी थेट बोलले जाई. ही मोजणी श्रमाच्या दृष्टीने फार उपयोगाची होती, कारण समोरचा धान्याचा ढीग लांबलचक वाटतो, परंतु एकेका नावाची एकेक ओवी म्हणत गेले की तोच ढीग हाताला पेलेल अशा तुकड्यांत विभागला जातो. ओवीची लय फेऱ्याच्या लयीशी बांधलेली असे; चालीला स्त्रिया ‘गळा’ म्हणत, आणि एकीने ओवी सुरू करावी, दुसरीने ती उचलावी, अशा रीतीने दोघींचा श्वास आणि हात एका मापात चालत. आरंभीच्या देवांच्या ओव्या संपल्या की माहेर, भाऊ, वाटेवरचे पाऊस-वारे, पंढरीची वाट, वनवासातील सीता असे विषय येत. सीतेच्या दुःखावरील ओव्यांचे विपुल प्रमाण पाहता असे म्हणावेसे वाटते, की रामायणातील जो भाग पुराणिकाने घाईने आटोपला तो या स्त्रियांनी जात्यावर सावकाश, स्वतःच्या अनुभवासह, पुन्हा सांगितला. सासरच्या छळाविषयी ज्या घरात अवाक्षर काढता येत नसे, त्याच घरात पहाटे ओवीतून ते मोठ्याने म्हणता येई.

या परंपरेचे गोडवे गाताना तिच्यातील कष्टांवर पांघरूण घालणे मात्र अन्यायाचे होईल. दळणाने खांदे भरून येत, तळहातांना घट्टे पडत, आजारपणात आणि बाळंतपणाच्या तोंडावरही त्यातून सुटका नसे. हा भार घरोघरी स्त्रियांवरच होता. विधवा आणि निराधार स्त्रिया दुसऱ्यांचे दळणकांडण करून पोट भरीत, आणि ‘दळणकांडण करून मुलाला शिकवले’ हे वाक्य मराठी चरित्रवाङ्मयात इतक्यांदा येते, की एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील मराठी शिक्षणाचा काही खर्च जात्याने उचलला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये. इंग्रजी अमदानीत तुरुंगातील कैद्याला दळण हे सक्तमजुरीचे काम म्हणून दिले जाई. तुरुंगात जे शिक्षा म्हणून मोजले जाई तेच घरात कर्तव्य म्हणून रोज केले जाई, आणि त्याला मोजमाप नव्हते. गांधींनी आपल्या आश्रमात पुरुषांनाही दळायला बसवले, हा प्रयोग यामुळेच लहान वाटला तरी अर्थपूर्ण होता.

सत्तेलाही ओवी दखलपात्र वाटत होती, हे गोव्याच्या इतिहासावरून दिसते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली रायतूर येथे छापलेले ‘क्रिस्तपुराण’ दहा हजारांहून अधिक ओव्यांत रचले, कारण नवख्रिस्ती लोकांच्या मनापर्यंत पोहोचण्याचा तोच मार्ग होता. आणि पुढे १७३६मध्ये गोव्याच्या धर्मन्यायालयाने हिंदू रीतिरिवाजांवर बंदी घालणारा जो हुकूम काढला, त्यात लग्नसमारंभातील ओव्या गाण्यालाही मनाई करण्यात आली.

जात्याचा शेवट मात्र कोणत्याही हुकमाने झाला नाही. विसाव्या शतकात प्रथम तेलाच्या इंजिनावर आणि मग विजेवर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या शहरांतून मोठ्या गावांत आणि तेथून वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचल्या, आणि डब्यात धान्य घालून ‘गिरणीवर दळण ठेवणे’ हा नवा नेम सुरू झाला. स्त्रियांनी या बदलाचे स्वागतच केले, आणि ते योग्यच होते. पहाटेची झोप त्यांना पहिल्यांदा मिळाली. परंतु ओवीला जी जागा आणि जी वेळ लागत असे ती त्याबरोबर गेली, कारण गिरणीच्या घरघरीत गाणे ऐकू येत नाही आणि तेथे रांगेत फार वेळ कोणी बसतही नाही.

हे लक्षात आल्यावर संकलनाची धडपड सुरू झाली. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या गोळा करून त्यांच्याकडे साहित्य म्हणून पाहायला शिकवले. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरोटावर आणि शेतात सुचलेली त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवल्यामुळे १९५२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध होऊ शकली. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या वतीने खंडामागून खंड प्रसिद्ध केले. सर्वांत मोठे काम गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून उभे केले. मुळशी-मावळच्या डोंगराळ गावांतील स्त्रियांपासून आरंभ करून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या आणि त्यांतील पुष्कळशा ध्वनिमुद्रित केल्या. २०१७पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून त्या टप्प्याटप्प्याने प्रकाशित होऊ लागल्या. या संग्रहाने एक समज मोडून काढला. ओवी म्हणजे जुन्या देवादिकांचे गोठलेले गाणे नव्हे, हे दलित स्त्रियांनी गायिलेल्या बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्यांनी दाखवून दिले. तेथे पहिल्या ओवीच्या मानाच्या जागी भीमराव आणि बुद्ध आहेत. श्रद्धेचा विषय बदलला, पण रोजच्या कामाच्या आरंभी आपल्या उद्धारकाचे नाव घेण्याची रीत तीच राहिली.

लग्नघरात हळद दळण्याच्या विधीपुरते जाते आजही माळ्यावरून खाली उतरते, त्याला आंब्याची पाने आणि सुपारी बांधली जाते, आणि सुवासिनी खुंट्याला हात लावून चार फेरे फिरवतात. त्या वेळी घरातील एखादी वृद्ध स्त्री थरथरत्या आवाजात एकदोन ओव्या म्हणते आणि बाकीच्या ऐकून घेतात. ज्यांच्या घरी अशी आजी किंवा आत्या अजून आहे, त्यांनी विधी आटोपल्यावर तिच्याजवळ बसावे, तिला जाते हळूहळू फिरवू द्यावे आणि तिला जे आठवेल ते तिच्याच उच्चारांत, तिचे नाव आणि गाव यांसह, टिपून ठेवावे.