चुंबळ, फरशी आणि सायकलची ट्यूब

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात कीर्तन रंगलेले असते तेव्हा ऐकणाऱ्यांचे लक्ष शब्दांकडे आणि सुरांकडे असते. तबल्याच्या बुडाखाली काय आहे, ते सहसा कोणी पाहत नाही. तिथे कापडाची दोन घट्ट वेटोळी असतात. मराठीत त्यांना चुंबळ म्हणतात. विहिरीवरून घागर आणणारी बाई डोक्यावर ठेवते तीही चुंबळच. गोल बुडाला बैठक द्यायची आणि हादरा मधल्या मध्ये जिरवायचा, हे तिचे काम. डग्गा थेट जमिनीवर टेकवून थाप मारली तर आवाज दबतो, चुंबळीवर ठेवला की तो मोकळा होतो.

वाजणारी वस्तू आणि जमीन यांच्यात काहीतरी मऊ घालायचे, ही अक्कल मराठवाड्यात यंत्रांच्या कितीतरी आधीपासून होती. यंत्रे आली आणि तिला नवे काम लागले.

पहिले यंत्र ग्रामोफोन. १९०२ साली ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला आणि गायिका गौहर जानचा आवाज तबकडीवर उतरला. नांदेड, लातूर हे मुलूख तेव्हा निझामाच्या राज्यात होते. चावीचा बाजा आधी पोहोचला तो ज्यांना परवडत होता त्यांच्या वाड्यांत आणि पेढ्यांवर. त्याची कळ सोपी होती: तबकडीवरच्या खाचेत नागमोडी वळणे, सुई त्या वळणांतून थरथरत जाते, ती थरथर अभ्रकाच्या पडद्याला मिळते आणि कर्ण्यातून गाणे बाहेर येते. गोची अशी की सुईला थरथर तेवढी कळते. ती गौहर जानची आहे की शेजारून पळत गेलेल्या पोराची, हा फरक तिला करता येत नाही.

चावीच्या बाज्याचे नशीब असे की तो मुळातच आडदांड होता. त्याचा डोलारा जड होता आणि पोलादी सुई तबकडीत रुतून चालायची. त्यामुळे बाहेरच्या हादऱ्यापेक्षा आतलीच खरखर जास्त छळायची. अभ्रकाच्या कडेला बसवलेले रबर काही वर्षांत वाळून कडक होते आणि मग प्रत्येक वरच्या सुराला पत्रा थरथरल्यासारखा आवाज येतो. यावरचा स्वस्त इलाज आजही जुने बाजे दुरुस्त करणाऱ्यांना माहीत आहे: सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी, म्हणजे वॉलट्यूब. ती कडेने फिरवून बसवली की पडदा पुन्हा मऊ आधारावर तरंगतो.

बाहेरच्या हादऱ्याचा बंदोबस्त घरानेच केलेला होता. या भागातली जुनी घरे माळवदाची. दगडमातीच्या रुंद भिंती, सागाच्या तुळया, वर मातीचा जाड थर आणि खाली शेणाने सारवलेली जमीन. ही जमीन थेट धरणीवर असल्यामुळे चालणाऱ्याच्या पावलाने ती झोके घेत नाही. वाड्याच्या माडीवर मात्र फळ्यांची तक्तपोशी असते. तिथे कोणी दाणदाण चालले की कोपऱ्यातली तिवई हलते आणि तिवईवरचे सगळेच हलते. बाजा खालच्या सोप्यात चांगला वाजतो आणि माडीवर उड्या मारतो, यामागे एवढेच कारण.

मग रेडिओ आला. हैदराबादचे ‘डेक्कन रेडिओ’ १९३५ पासून निझाम सरकारच्या ताब्यात होते, पुढे १९५० मध्ये ते आकाशवाणीत सामील झाले. व्हॉल्व्हच्या रेडिओत सुई नव्हती, पण हादऱ्याचे दुखणे वेगळ्या वाटेने शिरले. स्टेशन लावायचे बटण फिरवले की आत पातळ पात्यांची एक जोडी एकमेकींत सरकते. मेकॅनिक तिला ‘गँग’ म्हणतात. त्याच पेटीत स्पीकर. आवाज वाढवला की स्पीकर पेटीला हलवतो, पेटी गँगची पाती हलवते, पाती हलली की स्टेशन सूक्ष्मपणे सरकते, तो फरक पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतो आणि वर्तुळ पुरे होते. रेडिओ हुंकार देत सुटतो. म्हणून अनेक कंपन्या गँग रबराच्या गुंड्यांवर बसवीत. हे रबरही वाळते. रबराचे नवे वायसर टाकले की रोगी बरा व्हायचा, आणि खर्च काही आण्यांचा.

भिंतीतल्या कोनाड्यात बसलेला रेडिओ तर आणखी सुखी. रुंद भिंतीला स्पीकर काय हलवणार!

खरी कसोटी लागली ती विजेच्या रेकॉर्ड प्लेअरने. १९४८ मध्ये अमेरिकेत लाँग प्ले तबकडी आली. तिची खाच केसाच्या जाडीइतकी, आणि तिच्यातली वळणे त्याहून कितीतरी बारीक. पुढे एचएमव्हीच्या ‘फिएस्टा’सारखे पेटीवजा प्लेअर आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत शिरले. सुई उडायला लागली की घरोघरी एकच उपाय होता: सुईच्या दांड्यावर चार आण्याचे नाणे. नाणे अडीच ग्रॅमचे. सुई उडायची थांबे, पण ते अडीच ग्रॅम खाच खरवडत राहत. हादरा होता तिथेच राहिला आणि त्याची किंमत तबकडीने मोजली.

सुईवर वजन वाढवण्याऐवजी सुई आणि तबकडी दोघींनाही जमिनीपासून तोडावे, हा मार्ग अमेरिकेत एडगर व्हिल्चरने स्वस्तात खुला केला. त्याच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीचा १९६१ चा टर्नटेबल दिसायला साधा होता. तबकडीची थाळी आणि सुईचा दांडा एका चौकटीवर, आणि ती चौकट तीन मऊ स्प्रिंगांवर लटकलेली. चालू गाण्यात पेटीवर हातोडी मारून दाखवली तरी सुई हलत नसे. विलायती घरांतल्या लाकडी, पोकळ जमिनींवर हा उपाय रामबाण ठरला.

लातूर-नांदेडच्या फरशीवरच्या घराला त्याची निकड तेवढी नव्हती. इथे शत्रू पावलांपेक्षा स्पीकर होता. प्लेअर आणि स्पीकर एकाच टेबलावर ठेवले की ठोका टेबलातून सुईकडे परत यायचा. त्यामुळे पहिला उपाय फुकटातला: दोघांची टेबले वेगळी करायची. दुसरा उपाय शहाबादी फरशीचा. शहाबाद हे गाव तेव्हाच्या गुलबर्गा, आताच्या कलबुर्गी जिल्ह्यातले, एके काळी याच निझामी राज्यातले. तिथला चुनखडीचा दगड मराठवाड्याच्या स्वयंपाकघरांत, न्हाणीघरांत, ओट्यांवर सर्वत्र पसरला आहे. दोन फूट बाय दीड फूट, एक इंच जाडीचा तुकडा १८-१९ किलोंचा भरतो. एवढे वजन हलवायला स्पीकरला घाम फुटतो. मात्र उघड्या फरशीवर टिचकी मारली तर ती स्वतःच घणघणते. म्हणून तिच्याखाली घोंगडीची घडी. दगडाचा घण लोकर गिळते.

तिसरा उपाय सायकलच्या ट्यूबचा, आणि इथे थोडे गणित लागते. फरशीखाली ट्यूब ठेवून हवा अर्धवट भरली की ती स्प्रिंग होते. स्प्रिंगसारखा आधार वजनाने एक सेंटिमीटर दबला, तर तो सेकंदाला साधारण ५ वेळा डोलतो आणि सुमारे ७ च्या पुढची कंपने अडवू लागतो. हवा जास्त भरली आणि आधार अडीच मिलिमीटरच दबला, तर डोलणे सेकंदाला १० वर जाते. सुईच्या दांड्याची स्वतःची डोलण्याची खोड साधारण ८ ते १२ च्या आसपास असते. दोघांचा ताल जुळला की इलाज रोगाहून वाईट. म्हणून ट्यूब टणक फुगवणारा फसतो आणि ढिली ठेवणारा जिंकतो.

वाळूचाही उपयोग होतो. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये वॉर्फडेल कंपनीच्या गिल्बर्ट ब्रिग्जने स्पीकरच्या दुहेरी फळ्यांमध्ये वाळू भरली होती. कण एकमेकांवर घासतात आणि कंपन उष्णता होऊन विरते. गोदाकाठच्या नांदेडला वाळूचे अप्रूप कधीच नव्हते. आता तिचे भाव ऐकून मात्र ट्यूबच बरी वाटते.

पुढे देशभर एक उलटी युक्तीही चालू झाली. कॅसेटच्या जमान्यात चहाच्या हॉटेलांत आणि घरांत सुटा स्पीकर माठाच्या तोंडावर पालथा बसवला जाई. माठातली हवा घुमते आणि काही रुपयांच्या स्पीकरला खर्ज फुटतो. आता गोल बुडाचा माठ उभा कसा राहणार? त्याला चुंबळ हवी, नाहीतर स्कूटरचा जुना टायर. आवाज वाढवायला घेतलेला माठ अशा रीतीने आपोआपच जमिनीपासून तुटायचा. ठोका माठात राहायचा आणि ज्या फळीवर तो ठेवलेला असे तिथली कपबशी वाजत नसे.

लातूर जिल्ह्यात कंप या विषयावर लिहायचे तर ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट टाळता येत नाही. आदल्या रात्री गणपतींचे विसर्जन झाले होते. चार वाजायच्या सुमारास किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. बहुतेक माणसे दगडमातीच्या भिंती आणि माळवदे यांच्याखाली सापडली. पावलांना, थापेला, स्पीकरला दाद न देणारे हे घर आडव्या धक्क्यापुढे उभे राहू शकले नाही, कारण वजन भरपूर होते आणि ते बांधून ठेवणारे काही नव्हते. नव्या घरांत काँक्रीटचे पट्टे आले, दगडी भिंतींत आरपार जाणारे दगड घालण्याची सूचना झाली. पुढे २००१ च्या भूकंपानंतर भूजमधले जिल्हा रुग्णालय शिसे आणि रबराच्या आधारांवर उभारले गेले. इमारत आणि जमीन यांच्यात मऊ काहीतरी घालायचे, ही त्यामागची कल्पना. मोजमाप वेगळे, जबाबदारी कितीतरी मोठी.

गाण्याच्या यंत्रांकडे परतायचे तर, सीडी आली तेव्हा तिला वाचणारी यंत्रणा रबरी खुंट्यांवर तरंगत होती. खडबडीत रस्त्यावरच्या जीपमध्ये तीही अडखळायची. पेन ड्राइव्हने सगळाच प्रश्न मिटवला, कारण आत हलणारे काही उरलेच नाही. हादरा मात्र संपला नाही, तो बाजू बदलून बसला. पूर्वी घराच्या हादऱ्याने गाणे बिघडायचे, आता वरातीतल्या डॉल्बीने घराची तावदाने थरथरतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. वरातीला ती ऐकू जाणे अवघडच.

मधल्या काळात तबकडी परत आली. अडगळीतले प्लेअर उतरवले जातात, जुन्या बाजारातून रेकॉर्ड येतात, आणि प्लेअरखाली महागडे विदेशी पाय घ्यावेत की फरशी-घोंगडी चालेल असा वाद घरात सुरू होतो. तो मिटवायला एक पैसाही लागत नाही. थाळी बंद ठेवायची, सुई थांबलेल्या तबकडीवर अलगद टेकवायची, आवाज बेताने वाढवायचा आणि टेबलावर बोटाच्या पेराने टकटक करायची. स्पीकरमधून ‘धप्’ ऐकू आले, तर तेवढा वाटा टेबलाचा. मग कोणीतरी उठते, घोंगडीची आणखी एक घडी फरशीखाली सारते आणि पुन्हा टकटक करून कान देते.