वेबसाईट आहे, पण गुगलवर सापडत का नाही? एसईओची प्राथमिक माहिती

पुण्यात कॅम्प, भवानी पेठ, कोंढवा या भागांत आज केटरिंगवाल्यापासून शिकवणी वर्गापर्यंत अनेकांनी वेबसाईट काढली आहे. कुणी भाच्याकडून फुकट करून घेतली, कुणी एजन्सीला पैसे मोजले. शाळेच्या निमित्ताने पालकांशी बोलणे होते तेव्हा तक्रार मात्र एकच ऐकू येते: "सर, साईट आहे, पण गुगलवर टाकलं तर येतच नाही." हा प्रश्न ज्या कामाने सुटतो त्याला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजेच एसईओ म्हणतात. नाव भारी आहे, पण त्यातला मोठा भाग घरच्या घरी करता येतो.

आधी गुगल काम कसे करते ते पाहू. गुगलचा एक प्रोग्राम, गुगलबॉट, एका पानावरून दुसऱ्या पानावर लिंकच्या वाटेने फिरत असतो. जे पान सापडते ते तो वाचतो आणि त्याची नोंद ठेवतो. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, तसे समजा. आपण काही शोधतो तेव्हा गुगल सगळे इंटरनेट धुंडाळत नाही, ही सूची चाळते. मग कोणते पान वर ठेवायचे हे शेकडो गोष्टी पाहून ठरते. पान कशाबद्दल आहे, मोबाईलवर नीट उघडते का, दुसऱ्या चांगल्या साईट त्याचा हवाला देतात का, वगैरे. हवाल्याचा हा विचार लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डला शिकत असताना मांडला आणि 1998 मध्ये त्यावरच कंपनी उभी राहिली.

म्हणून पहिली तपासणी हीच की आपले पान सूचीत आहे का. गुगल सर्च कन्सोल नावाची फुकट सोय आहे. तिथे साईट आपलीच असल्याचा पुरावा द्यायचा आणि साईटमॅप, म्हणजे सगळ्या पानांची यादी, जमा करायची. कोणते पान नोंदले गेले, कोणते नाही आणि का, हे सगळे तिथे दिसते. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे लोक कोणते शब्द टाकून आपल्यापर्यंत आले, तेही कळते. आमच्या मते, एजन्सीला एक रुपया देण्याआधी प्रत्येकाने हे उघडून पाहावे.

मराठी आणि उर्दू साईटचे एक खास दुखणे आहे आणि त्याचा पुण्याशी जवळचा संबंध आहे. संगणकावर मराठी आणण्यात सी-डॅक आणि श्रीलिपी बनवणारी मॉड्युलर इन्फोटेक या पुण्यातल्याच दोन संस्थांचा वाटा मोठा. पण त्या काळातले फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे होते. त्यात पडद्यावर 'पुणे' दिसले तरी आत इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी साठवलेली असते. माणसाला मराठी दिसते, गुगलबॉटला खिचडी. डीटीपीवाल्याकडून घेतलेला जुना मजकूर साईटवर तसाच चिकटवला तर तो शोधात सापडणे अशक्य. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

उर्दूत गंमत वेगळी. नस्तालीक देखणे दिसावे म्हणून इनपेजमध्ये मजकूर बनवतात आणि त्याचा फोटो करून साईटवर टाकतात. शाळेचे प्रवेशपत्रक असो, जलशाची जाहिरात असो की औषधांच्या दुकानाची वेळ, सगळे चित्रातच. फोटोतल्या अक्षरांवर शोधासाठी भरवसा ठेवता येत नाही, आणि ज्यांना नजर नाही त्यांचे वाचून दाखवणारे सॉफ्टवेअरही तिथे अडते. चित्र जरूर ठेवा, पण तोच मजकूर खाली टाईप करा. चित्राला वर्णन जोडण्याची जागा असते, तिला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. तिथेही एक सरळ वाक्य लिहा.

आता शब्दांकडे येऊ. लोक जे टाईप करतात तेच शब्द पानावर हवेत, आपल्याला आवडणारे नव्हेत. 'जकात' हा शब्द घ्या. आपल्या घरात त्याचा अर्थ एक, पण मराठीत जकात म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर. पुण्यात 2013 मध्ये त्याजागी एलबीटी आला, तरी जकात नाका हा शब्द अजून लोकांच्या तोंडी आहे. एखाद्या संस्थेने पानाला नुसते 'जकात' असे शीर्षक दिले तर वाचकालाच नव्हे, गुगललाही कोडे पडेल. 'जकात कशी मोजावी: सोने, रोकड आणि व्यापारी माल' असे लिहिले की प्रश्न मिटतो. तसेच 'निकाह हॉल', 'शादी हॉल', 'लग्नाचे कार्यालय' ही एकाच जागेची तीन नावे. तिन्ही मजकुरात सहज आली पाहिजेत. बरेच लोक मराठी शब्दही इंग्रजी अक्षरांत टाईप करतात, म्हणून दुकानाचे आणि भागाचे नाव एकदा त्या लिपीतही असू द्यावे. 2017 पासून गुगलवर मराठी आणि उर्दूत बोलूनही शोधता येते. घरातल्या मोठ्यांना टायपिंगचा कंटाळा असतो, ते सरळ विचारतात, "कोंढव्यात दातांचा डॉक्टर कुठे आहे?" असा पूर्ण प्रश्न आणि त्याचे उत्तर पानावर असेल तर फायदाच.

हे शब्द सगळ्यात आधी शीर्षकात हवेत. शोधाच्या यादीत निळ्या अक्षरांत दिसते ते टायटल. अनेक साईटवर तिथे नुसते 'होम' असते! 'कॅम्प, पुणे येथील महिला शिंपीकाम व अलटरेशन' असे लिहिले तर ग्राहकाला आणि गुगलला दोघांना कळते. खालच्या दोन ओळींचे वर्णनही आपणच लिहावे. पण एकच शब्द वीस वेळा घुसडू नये, तो प्रकार आता उलटा पडतो. कीवर्ड टॅग नावाच्या रकान्यात शंभर शब्द भरून देणारे लोक अजून भेटतात. गुगल तो रकाना पाहत नाही, हे त्यांनी स्वतः 2009 मध्ये जाहीर केले होते.

दुकान, दवाखाना, क्लास यांच्यासाठी वेबसाईटइतकेच महत्त्व गुगल बिझनेस प्रोफाईलला आहे. नकाशावर जे दिसते ते. तेही फुकट. नाव, पत्ता आणि फोन नंबर पाटीवर, साईटवर, नकाशावर अगदी एकसारखे ठेवा. जुम्म्याला दुपारी दुकान बंद असते तर तशी वेळ टाका, नाहीतर ग्राहक येऊन परत जातो आणि एक स्टार देतो. रिव्ह्यू विकत घेण्याच्या भानगडीत पडू नका. पैसे किंवा सवलत देऊन रिव्ह्यू लिहून घेणे गुगलच्या नियमात बसत नाही, आणि भारतीय मानक ब्युरोनेही 2022 मध्ये ऑनलाईन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे मानक आणले आहे. खऱ्या ग्राहकाला दोन ओळी लिहा म्हणून विनंती करण्यात मात्र काही गैर नाही.

जाहिरातीचा मार्ग वेगळा. गुगल ॲड्समध्ये जागेचा लिलाव होतो आणि साधारणपणे कुणी क्लिक केले की पैसे कापले जातात. पैसे संपले की जाहिरात गायब. बिर्याणीच्या ऑर्डर हव्या असतील आणि शब्द नुसता 'बिर्याणी' ठेवला, तर रेसिपी शोधणाऱ्यांच्या क्लिकचे पैसे आपण भरतो. म्हणून 'रेसिपी', 'नोकरी' असे शब्द नकाराच्या यादीत टाकावेत आणि आपली गाडी जिथवर जाते तेवढाच परिसर निवडावा. रोजचे बजेट ठरवले तरी एखाद्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याचा हिशोब मात्र त्या बजेटच्या 30.4 पटीपुढे जात नाही.

एजन्सी नेमायचीच असेल तर दोन गोष्टी लेखी घ्या. डोमेन आपल्या नावावर आणि आपल्या ईमेलवर नोंदलेले हवे. नाहीतर भांडण झाले की दुकानाची पाटीच दुसऱ्याच्या हातात जाते. दुसरे, सर्च कन्सोल आणि जाहिरातीच्या खात्याची मालकी आपल्याकडे हवी. "पहिल्या नंबरवर आणण्याची गॅरंटी" देणाऱ्याला दारातूनच सलाम करावा. अशी गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगलनेच आपल्या मार्गदर्शनात सांगितले आहे. हजार लिंक विकत देणाऱ्यालाही तोच सलाम. अशा लिंकांमुळे साईट खाली ढकलली जाऊ शकते.

फळ दिसायला वेळ लागतो. बहुतेक ठिकाणी चार महिने ते वर्ष, असे गुगलची माणसे सांगतात. त्यामुळे रमजानच्या ऑर्डरसाठी चाँद दिसल्यावर पान बनवून उपयोग नाही. शिवाय रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो आणि दर वेळी नवीन वर्षाच्या आकड्याचे नवीन पान काढले की जुन्या पानाने कमावलेली ओळख वाया जाते. पानाचा पत्ता एकच ठेवावा, त्यात साल घालू नये. इफ्तार बॉक्सचे भाव, शीरखुर्म्याची ऑर्डर घेण्याची शेवटची तारीख आणि शीर्षकातले वर्ष तेवढे शाबानच्या आधीच बदलावे.